वाळूच्या रजईखालचा बर्फ

पैज लागली ती एका माकडटोपीवरून.

मार्च उजाडला तरी कुवेतची थंडी जागची हलायला तयार नव्हती. एरवी या दिवसांत सालमियातली बिऱ्हाडं स्वेटर धुऊन कपाटाच्या वरच्या खणात कोंबतात आणि एसीची जाळी साफ करायला काशिनाथला हाका मारतात. यंदा थंडी चिकट पाहुणीसारखी बसली होती. निघते, निघते म्हणायची आणि पुन्हा चहा मागायची! तर अशा त्या गुरुवारी संध्याकाळी चौथ्या मजल्यावरचे चंद्रहास साठे माकडटोपी, त्यावर मफलर, त्याखाली जाकीट अशा थाटात पार्किंगमध्ये उतरले आणि काशिनाथ तांडेलला काही राहवलं नाही.

"साहेब, नाक तरी उघडं ठेवा. हारीस गेटातच अडवेल तुम्हाला."

हारीस म्हणजे बिल्डिंगचा राखणदार. तो लांबूनच हसला.

"चौदा अंश आहे बाहेर, काशिनाथ," चंद्रहास म्हणाले. गृहस्थ पुण्याचे, मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत इंजिनिअर. आकडा कळल्याशिवाय त्यांना थंडीही वाजत नसे.

"चौदाला एवढी बांधाबांध? मी काल बर्फावर उभा होतो. ह्याच चपला घालून."

आजूबाजूला उभी असलेली चार-सहा माणसं एकदम हसली. कोणी विचारलंसुद्धा नाही, कुठला बर्फ, कसला बर्फ.

आता यात त्या बिचाऱ्यांची चूक नव्हती. काशिनाथ शुवैखच्या एका गॅरेजमध्ये गाड्यांच्या एसीचा मिस्त्री. देवगडकडचा, बावन्न वर्षांचा, हात सोन्याचा आणि जीभ पितळेची. मागच्या वर्षी लिफ्टमध्ये कोणीतरी अरबीतला कागद चिकटवला होता. काशिनाथने तो गंभीर चेहऱ्याने वाचून दाखवला : 'गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालण्यास सक्त मनाई.' आठ दिवस बायकांनी पापड पलंगाखाली पंखा लावून वाळवले. नवव्या दिवशी कळलं, ती बिर्याणीच्या दुकानाची जाहिरात होती.

पण या वेळी तो खरं बोलत होता. मंगळवारी रात्री पश्चिमेकडच्या वाळवंटात गारांचा मारा झाला होता. बुधवारी एका शेखच्या तंबूवर गाडी दुरुस्त करायला तो गेला, आणि परतताना एका घळीत त्याला बर्फ दिसला. पाण्याच्या लोंढ्याने गारा वाहत आणून काठाखाली ढीग घातला होता आणि वरून वाळूची रजई पांघरली होती. मोबाइल नेमका गॅरेजमध्ये चार्जिंगला. हे सगळं त्याने तिथेच भराभर सांगून टाकलं.

"मालन, तू तरी सांग यांना," तो म्हणाला. त्याची बायको भाजीची पिशवी घेऊन जिन्याशी उभी होती.

"मी काय सांगतलंय? मी थोडाच बगलंय?" मालन म्हणाली. "तुमच्या शब्दावर आता मी मीठसुद्धा घेवचंय नाय."

लोक पुन्हा हसले. काशिनाथही हसला. लोकांनी थापाड्या म्हटलं की त्याला गुदगुल्या व्हायच्या. पण आज मालन म्हणाली आणि मनापासून म्हणाली, हे त्याला पहिल्यांदाच लागलं. सव्वीस वर्षांच्या संसारात एकदा, फक्त एकदा, आपलं खरं खरं ठरावं असं त्या क्षणी त्याला इतकं वाटलं की तो बोलून गेला, "आणून दाखवतो. उद्या शुक्रवार, सुट्टी आहे. लावा पैज."

"शक्यच नाही," चंद्रहास म्हणाले. "गारा एकतीस तासांत वितळणार. मी गणित करून सांगतोय."

"गणित ठेवा खिशात. हरेल त्याने इथे, ह्या पार्किंगमध्ये, बनियन-लुंगीवर बसून गार पाण्याच्या पाच बादल्या अंगावर घ्यायच्या."

चंद्रहासांचा चेहरा टोपीत आणखी आत गेला. मे महिन्यातही गीझर लावून आंघोळ करणारा माणूस तो! पण सगळे बघत होते. "मान्य," ते म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावरच्या रेखाकाकू पंच झाल्या. त्या कोणी न नेमताच पंच होत. "बर्फ माझ्या हातावर पडला पाहिजे. फोटो चालणार नाहीत. ह्याने गेल्या महिन्यात शुवैखच्या सिग्नलवर उभा असलेला हत्ती पाठवला होता मला, मोबाइलवर बनवून. आणि साठेसाहेब, तुम्ही बरोबर जा. नाहीतर हा वाटेत दुकानातून पिशवी घेईल."

"मी पण येतंय," मालन म्हणाली. "दोघांनी मिळून थाप मारली तर?"

अशी ही मोहीम ठरली.

शुक्रवारी सकाळी सात वाजता काशिनाथची म्हातारी जीप निघाली. मागच्या बाजूला मासळी ठेवायची निळी थर्मोकोलची पेटी, फावडं, हत्यारांची पिशवी, घोंगड्या, मालनची गॅसची छोटी शेगडी, पातेली आणि चहाचं सामान. मालनने वीस लिटरचा पाण्याचा कॅनही चढवला होता. काशिनाथने तो उतरवून ठेवला. पेटी मावत नव्हती. "बर्फ आणायला चाललोय गो. पाणीच पाणी असेल. आणि ह्या थंडीत पाणी पितो कोण?"

एक बाटली तेवढी बरोबर राहिली.

जहरा मागे पडलं, शहराचे शेवटचे पेट्रोल पंप मागे पडले, आणि सीमेकडे जाणारा सालमीचा रस्ता सरळसोट पुढे पळू लागला. दोन्ही बाजूंना सपाट, करडी, भिजून घट्ट झालेली वाळू. दर वर्षी या सुमाराला तिच्यावर नुवैरची पिवळी फुलं सांडलेली असतात, आणि कुवेती कुटुंबं सतरंज्या टाकून त्यांत बसलेली असतात. यंदा कळ्या मुठी आवळून बसल्या होत्या. तंबूंच्या धुराड्यांतून धूर निघत होता, उंट एकमेकांच्या आडोशाला उभे होते, आणि वारा असा होता की जीपच्या दाराच्या फटीतून शिटी वाजवत आत यायचा.

"अकरा अंश," चंद्रहासांनी खिशातल्या थर्मामीटरवर बघून सांगितलं.

"साहेब, दर पाच मिनिटांनी सांगू नका. ऐकूनच दात वाजतात."

साधारण नव्वद किलोमीटरवर काशिनाथने जीप रस्त्याखाली उतरवली. आता खरी परीक्षा! वाळवंटात रस्ता नसतो, चाकोरी असते. जुन्या युद्धातलं लोखंड, कधी न फुटलेला बॉम्बही, अजून कुठे कुठे वाळूत पडलेलं सापडतं, त्यामुळे शहाणा माणूस दुसऱ्याच्या चाकाच्या खुणेवरूनच चाक नेतो. काशिनाथने काच खाली केली, मान बाहेर काढली आणि बुधवारच्या आपल्याच टायरची नक्षी शोधत निघाला.

अर्ध्या तासात पुढचं चाक चिखलात बसलं. वरून कोरडी खपली, खाली खारट लापशी. चंद्रहास उतरले, बूट आत राहिला, पाय बाहेर आला. मालनने हसणं दाबायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. तिघांनी मिळून काटेरी झुडपं तोडली, चाकाखाली घातली, फावड्याने चर काढला. तासाभराने जीप बाहेर निघाली आणि तिघेही चिखलाचे पुतळे झाले.

"परत फिरायचं?" काशिनाथने विचारलं.

"बूट गेलाय माझा," चंद्रहास म्हणाले. "आता परत जाऊन सांगू काय? चला पुढे."

घळीच्या तोंडाशी एक तंबू होता आणि पन्नासेक उंट. त्यांचा राखणदार जिब्रान, पेशावरकडचा, घोंगडी पांघरून चहा उकळत होता. काशिनाथने त्याला बर्फाचं, म्हणजे गारांचं, विचारलं.

"ओले? हाँ, थे ना," जिब्रान म्हणाला. "कल मेरे ऊँट चाट गए. बहुत ख़ुश थे."

मालनने नवऱ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. कीव होती, आणि ती रागापेक्षा वाईट.

"सगळे चाटले?" काशिनाथने विचारलं.

"यहाँ के सब. अंदर, जहाँ नाला मुड़ता है, उधर ऊँट नहीं उतरता. उधर देखो." मग त्याने पश्चिमेकडे बोट केलं. क्षितिजावर शाईसारखी एक रेघ उठली होती. "लेकिन जल्दी. मंगल को दस मिनट में पानी घुटने तक आया था नाले में. बादल आए तो नीचे मत रुकना."

जीप घळीत उतरली. दोन्ही बाजूंना माणूसभर उंचीचे काठ, मधे मऊ वाळू. वळण आलं. काशिनाथने ब्रेक दाबला, उडी मारली, काठाच्या सावलीत गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी वाळू उपसू लागला.

एक वीत. दोन वीत. नुसती ओली वाळू. कोपरापर्यंत हात गेला. काहीच नाही!

मग बोटांना चटका बसला. थंडीचा.

त्याने मूठ बाहेर काढली. मुठीत बोरांएवढ्या गारा, एकमेकींना चिकटून त्यांची काचेसारखी ढेप झालेली, वाळूने माखलेली, आणि खाली आणखी, आणि आणखी. त्याने ती ढेप मालनच्या ओंजळीत ठेवली.

मालनने ती उलटसुलट करून बघितली. बोटं लाल झाली तरी तिने ती खाली टाकली नाही.

"खराच होता गो बाय," ती स्वतःशीच म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, अगदी हळू, "माका वाटला, तुमी परत थापच मारल्यात."

काशिनाथने वाळूच्या हातानेच नाक पुसलं.

चंद्रहास मात्र पालथे झोपून भोकात थर्मामीटर घालत होते. "शून्य पूर्णांक दोन," ते आतून ओरडले. "वाळूचा थर. इन्सुलेशन! मी थर धरलाच नव्हता गणितात." हरल्याचं दुःख बाजूलाच, माणूस पोरासारखा खूश झाला होता. त्याने एक गार तोंडात टाकली, वाळूसकट चावली, आणि मग तिघांनी मिळून मासळीची पेटी गच्च भरली.

आणि इथे काशिनाथ तांडेलने अशी चूक केली जी फक्त एसीचा मिस्त्रीच करू जाणे.

बर्फ घरापर्यंत टिकला पाहिजे म्हणून त्याने जीपचा एसी लावला. सोळावर. पंखा पूर्ण. बाहेर अकरा अंश, आत तीन माणसं घोंगड्या गुंडाळून कुडकुडतायत, आणि समोरच्या जाळ्यांतून गार वारा भसाभसा येतोय! चंद्रहासांच्या टोपीतून फक्त दोन डोळे दिसत होते.

"काशिनाथ, हा मूर्खपणा आहे."

"एसी माझा आहे, साहेब. मी भरलाय गॅस. बर्फाला काही होणार नाही."

बर्फाला काही झालं नाही. झालं ते इंजिनाला. मऊ वाळू, खालचा गिअर, चढ, म्हातारी जीप आणि वर एसीचं ओझं. रोज गॅरेजमध्ये तो गिऱ्हाइकांना बजावायचा, वाळूत चढताना एसी बंद ठेवा म्हणून! आज पेटीतल्या बर्फापुढे त्याचं काट्याकडे लक्षच गेलं नाही. काटा लाल पट्टीत शिरला. फट्ट आवाज झाला. बॉनेटच्या फटींतून वाफेचे लोट उठले आणि जीप घळीच्या मधोमध थांबली.

रेडिएटरचा वरचा पाइप टोकाशी उभा फाटला होता. पाणी सगळं वाळूत.

"पाइप होईल," काशिनाथ म्हणाला. "फाटलेलं टोक कापतो, पुन्हा चढवतो, क्लिप आवळतो. पण पाणी?"

"एक बाटली," मालन म्हणाली. "अर्धी. कॅन तुमीच उतरवलात."

मोबाइलला रेंज नव्हती. जिब्रानचा तंबू अजून सहा-सात किलोमीटर पुढे, आणि पश्चिमेची ती शाईची रेघ आता अर्धं आभाळ खाऊन बसली होती. ढग गुरगुरला. तिघांनीही एकदम खाली बघितलं. ते नाल्याच्या तळाशी उभे होते.

काशिनाथने निळ्या पेटीकडे बघितलं. झाकणावर त्याचा हात होता. आत त्याचा शब्द होता, वाळूसकट दहा किलो. आणि दर दहा मिनिटांनी आभाळ जवळ येत होतं.

"शेगडी काढ, मालन," तो म्हणाला.

"काशिनाथ, थांबा," चंद्रहास म्हणाले. "दुसरं काही..."

"दुसरं काही नाही, साहेब. गरम इंजिनात थंड पाणी घालता येत नाही, इंजिनाला तडा जाईल. वितळवून, कोमट करून घालायला हवं. पातेली धरा."

मग जी धांदल उडाली! शेगडीवर एक पातेलं, तापलेल्या इंजिनावर दुसरं. मालनने ओढणी काढली आणि गाळणं केलं. वाळू ओढणीत राहायची, पाणी खाली. काशिनाथने सुरीने पाइप कापला. हात भाजला. क्लिप आवळली. चंद्रहास एका पायात बूट, एका पायात मोजा अशा अवस्थेत पेटीकडून शेगडीकडे आणि शेगडीकडून जीपकडे पळत होते. रेडिएटर प्यायचा, आणखी मागायचा. पाच लिटर. सहा. अर्ध्या बाटलीतलं पाणीही गेलं. पहिला टपोरा थेंब बॉनेटवर पडला आणि चुरचुरला. सात. पेटीचा तळ दिसला.

शेवटचं पातेलं ओतताना चंद्रहासांनी तळातली एक मूठ गारा उचलल्या आणि रुमालात बांधल्या.

"पुरावा," ते म्हणाले.

"साहेब, पैज तुम्ही लावलीय माझ्याविरुद्ध."

"गाडी चालू करा."

चावी फिरली. जीप खोकली. पुन्हा फिरली. धरली! मागे वळणावरून सूंऽऽ असा आवाज येत होता. मालनने वळून बघितलं. तपकिरी पाण्याची एक जीभ वाळू चाटत पुढे येत होती. काठ खचलेल्या जागी पुढचं चाक चढलं. मागचं घसरलं. पाणी मागच्या चाकाशी पोचलं. काशिनाथ जीपला कोकणातल्या सगळ्या शिव्या एका दमात देऊन मोकळा झाला, आणि त्या ऐकून की काय कोण जाणे, मागच्या चाकाने दगड धरला. जीप काठावर आली. खाली नाला भरून वाहू लागला.

मालनने काशिनाथच्या दंडावर हात ठेवला आणि काढला नाही.

पण थांबायला वेळ नव्हता. रेडिएटर पूर्ण भरलेला नव्हता, काटा पुन्हा वर सरकत होता. अशा वेळी एकच उपाय असतो : हीटर पूर्ण लावायचा, म्हणजे इंजिनाची आग केबिनमध्ये येते. काशिनाथने हीटर लावला. आता तिघांच्या अंगावरून घाम वाहू लागला. घोंगड्या गेल्या, जाकिटं गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा चंद्रहास साठ्यांची माकडटोपी चारचौघांत उतरली.

आणि रुमाल ठिबकायला लागला.

चंद्रहासांनी काच खाली केली आणि रुमालाची मूठ बाहेर वाऱ्यात धरली. नव्वद किलोमीटर! बोटं निळी पडली. मालन म्हणाली, "भावोजी, हात आत घ्या. आजारी पडाल." ते म्हणाले, "जहरापर्यंत टिकेल." जहरा आलं. ते म्हणाले, "पुढच्या पुलापर्यंत टिकेल." पूल आला, तेव्हा त्यांनी हात आत घेतला.

मावळतीचं ऊन समुद्राकडच्या इमारतींवर तांबडं झालं होतं, तेव्हा जीप पार्किंगमध्ये शिरली. अख्खी बिल्डिंग जमली होती. मधोमध स्टूल, शेजारी भरलेल्या पाच बादल्या. हारीसने प्लॅस्टिकचा मगसुद्धा धुऊन ठेवला होता.

रेखाकाकूंनी तळहात पुढे केला. "बर्फ?"

चंद्रहासांनी त्यावर ओला रुमाल ठेवला.

हशा असा उठला की वरच्या मजल्यांवरून माणसं डोकावली. काशिनाथने हात जोडले. "हरलो. हातावर बर्फ ठेवायचा होता, नाही ठेवला." तो वर गेला, लुंगी-बनियनवर खाली आला आणि स्टुलाकडे निघाला.

"थांबा," चंद्रहास म्हणाले. "बर्फ होता. मी बघितला. शून्य पूर्णांक दोन अंश. मी खाल्लासुद्धा. तो आम्ही वितळवून रेडिएटरमध्ये घातला."

मग पहिल्यापेक्षा मोठा हशा.

"एसीवाल्याने बर्फ रेडिएटरला पाजला!" कोणीतरी म्हणालं.

"साठेसाहेब, तुम्हालासुद्धा लागण झाली ह्याची?" रेखाकाकू डोळे पुसत म्हणाल्या. "चांगला सरळ माणूस होता हो."

"मी बगलंय," मालन म्हणाली. "ह्या हातात धरलाय."

"तू नवऱ्याचीच बाजू घेणार, मालन."

चंद्रहास सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिले. पंचवीस वर्षं हा माणूस आकडे सांगत होता आणि लोक ते लिहून घेत होते. मग त्यांनी जाकीट काढलं. स्वेटर काढला. सदरा काढला. काशिनाथचा दंड धरून त्याला स्टुलापासून बाजूला केलं आणि स्वतः, पँट-बनियनवर, तिथे बसले.

"घाला."

"साहेब, पैज मी हरलोय. नियम आहे."

"मी म्हणालो होतो, एकतीस तास. माझं गणित चुकलं. घाला."

चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून त्यांची बायको चारुशीला ओरडली, "अहो, गीझर लावलाय मी!"

"बंद कर," चंद्रहास म्हणाले.

पहिली बादली पडली तेव्हा लोक हसत होते. चंद्रहासांच्या तोंडून असा आवाज निघाला की तो पुण्याचा नव्हता, कुठल्याच गावचा नव्हता. दुसरीला हसू कमी झालं. तिसरीला दात वाजायला लागले आणि पार्किंगमध्ये तेवढाच आवाज राहिला. रेखाकाकू हातातल्या ओल्या रुमालाकडे बघत होत्या. त्यांनी तो उलगडला. आत चिमूटभर वाळू होती.

"अगो बाई," त्या म्हणाल्या. "हा माणूस खोट्यासाठी कधी भिजायचा नाही. खरंच होता की हो बर्फ."

माणसं काशिनाथकडे वळून बघू लागली. आज कोणाच्याही तोंडी 'थापाड्या' नव्हतं. काशिनाथला कुठे बघावं कळेना. मालन टॉवेल घेऊन उभी होती आणि त्याच्याकडे बघून हसत होती.

चौथी झाली. "पुरे, साहेब," काशिनाथ म्हणाला. "पटलंय सगळ्यांना. उठा."

चंद्रहासांचे ओठ जांभळे झाले होते. त्यांनी पाचही बोटं वर केली.

मग काशिनाथने शेवटची बादली दोन्ही हातांनी उचलली, अख्ख्या बिल्डिंगने एका सुरात "पाऽऽच" म्हटलं, आणि त्याने ती आपल्या मित्राच्या डोक्यावर, एकही थेंब वाया न घालवता, सावकाश उपडी केली.